मम्मीचं इन्सुलिन आणि चंगाई सभा

मस्कतहून एका वाचकाचं पत्र आलंय. घर कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूरचं, मराठी ख्रिस्ती कुटुंब. वडील गेल्यापासून मम्मी एकटी. आधी मोबाईलवर एका 'संदेष्ट्या'च्या चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभा, बघायची, मग बेळगावला सभेलाच जायला लागली. तिथं त्यानं तिला नावानं हाक मारली आणि "तुझी साखर प्रभूनं काढून घेतली" म्हणून जाहीर केलं. पंधरा दिवस झाले, तिनं इन्सुलिन सोडलंय. मुलगा रागावला की म्हणते, "तुझा विश्वास कमी पडतो."

भाऊ, संदेष्ट्याचं नंतर बघू, आधी साखर. गावातल्या मावसभावाला आजच घरी पाठवून तपासून घ्या आणि नेहमीच्या डॉक्टरांना इन्सुलिन बंद असल्याचं कळवा. उलट्या, धाप, ग्लानी यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता बेळगावला हलवा. सुई सुटली की पहिले काही दिवस बरंही वाटू शकतं, आणि 'मी बरी झाले' अशी सभेपुढची साक्ष नेमकी त्याच दिवसांत द्यायला लावतात. डोळे, मूत्रपिंडं, पायाची न भरणारी जखम हे सगळं मागाहून येतं. तेव्हा तिच्यापुढे कुणी माईक धरत नाही.

आता त्या हाकेबद्दल, कारण मम्मीचा सगळा विश्वास तिच्यावरच उभा आहे. अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचा प्रचारक असाच अनोळखी माणसांची नावं, आजार, पत्ते सांगायचा. १९८६ साली जेम्स रँडी या जादूगारानं रेडिओ स्कॅनर लावला. पॉपॉफची बायको लोकांनी भरून दिलेली प्रार्थनापत्रं वाचून त्याच्या कानातल्या यंत्रात सगळं सांगत होती. त्याच तपासात बाईचा वेश घेऊन बसलेल्या एका पुरुषाला गर्भाशयाच्या कर्करोगातून 'बरं' करून झालं! मम्मीला हे सांगू नका, तिला वाटेल तिची थट्टा चाललीय. एवढंच विचारा: प्रार्थनेच्या विनंतीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर, गेटावरच्या वहीत तू काय काय लिहिलं होतंस? उत्तर तिचं तिला सापडू दे.

श्रद्धेवर मात्र वाद घालू नका. तुमच्याच शास्त्रात कसोटी आहे. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात म्हटलंय की संदेष्ट्यानं सांगितलेलं घडलं नाही तर ते वचन परमेश्वराचं नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात रोग्यांना बरं करा असं सांगताना, फुकट मिळालंय ते फुकट द्या, असंही येशू शिष्यांना सांगतो. मग अभिषिक्त तेलाची विकतची बाटली आणि 'बीज पेरा', म्हणजे पैसे द्या, म्हणून दाखवलेला क्यूआर कोड कशासाठी? हे तुमच्या तोंडून नको. तिच्या जुन्या चर्चच्या पाळकसाहेबांना घरी जाऊन बसायला सांगा. परक्या कुठल्या संघटनेला यात ओढू नका. आपल्या भागात अशा गोष्टीचं भांडण व्हायला वेळ लागत नाही आणि मम्मी त्यात चिरडली जाईल.

तिला मिरजेची आठवण करून द्या. डॉ. विल्यम वानलेस मिशनरीच होते. त्यांनी तिथं उभं केलेल्या मिशन हॉस्पिटलात बेळगाव भागातले रोगी पिढ्यान्‌पिढ्या गेले. त्या माणसाची देवावर श्रद्धा होती आणि हातात शस्त्रक्रियेचं हत्यारही होतं.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे, म्हणजे तुमच्या कर्नाटकात, लागू नाही. कर्नाटकाचा २०१७ चा वेगळा आहे. पण मधुमेह बरा करणाऱ्या चमत्कारी उपायाची जाहिरात १९५४ च्या केंद्रीय कायद्यानं देशभर बंद आहे. सभेची पत्रकं, व्हिडिओ, पैसे पाठवल्याच्या नोंदी जपून ठेवा. तक्रार मम्मी सावरल्यावर.

आणि भाऊ, तिला कुणीतरी भरसभेत नावानं हाक मारली, हे तिला का लागलं असेल? घरात हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. रोज फोन करा. मस्कतचे सात म्हणजे खानापूरचे साडेआठ, तिच्या जेवणाची वेळ. आधी तिच्याबरोबर प्रार्थना करा, मग डॉक्टरांनी नव्यानं ठरवून दिलेला डोस तिनं फोन चालू असतानाच घेऊ दे.