नवी टेबलटॉप दुर्बीण आणली, पण नीट काहीच दिसत नाही; काय चुकत असावे?

आपण परभणी जिल्ह्यातील गावात राहता, मुलीसाठी ७६ मिलिमीटर आरशाची टेबलावर ठेवण्याची दुर्बीण घेतली आहे आणि आपल्या तक्रारी चार आहेत: चित्र सतत थरथरते, ४ मिलिमीटरच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) सारे धूसर दिसते, तारा मध्ये काळे भोक असलेल्या चकतीसारखा दिसतो आणि महत्प्रयासाने सापडलेला ग्रह क्षणात निघून जातो. ही दुर्बीण ध्रुवाकडे तोंड करून ठेवावी लागते का, असेही आपण विचारले आहे. मी शेजारच्याच लातूर जिल्ह्यात याच आकाराची दुर्बीण वापरतो. आपल्या वर्णनावरून दुर्बीण सदोष असावी असे मला वाटत नाही. तिच्या खाली काय ठेवले आहे आणि तिच्यात कोणता आयपीस लावला आहे, या दोन गोष्टींतच बहुतेक अडचणींचे मूळ दिसते.

या दुर्बिणीसोबत उभा स्टँड येत नाही, त्यामुळे खालचा आधार आपणच शोधायचा असतो. चित्र ७५ पट मोठे केले की आधाराचे हलणेही तितकेच मोठे होऊन दिसते. प्लॅस्टिकची खुर्ची, बाज आणि पत्र्याची पेटी या तिन्ही गोष्टी म्हणून बाद समजाव्यात. अंगणातील दगडी ओटा सर्वांत उत्तम. तो नसेल तर जड लाकडाची तीन पायांची तिवई घ्यावी, कारण तीन पाय कशाही खडबडीत जमिनीवर एकाच वेळी टेकतात आणि डुगडुगणे हे बहुधा चौथ्या पायाचे काम असते. वाळूने भरलेला जुना पिंपही चालतो. उंची अशी असावी की मुलीला बसून, मान न अवघडता आयपीसला डोळा लावता येईल.

गच्चीचा मोह मात्र आवरावा. आपल्याकडे सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत उष्णता बाहेर टाकत राहतो. त्यावरून उठणाऱ्या गरम हवेतून पाहिलेला गुरू उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसतो. जुन्या घराचे माळवद असेल तर तिथे कोणी पाऊल टाकले तरी हादरा जाणवतो. त्यापेक्षा मातीचे अंगण किंवा शिवारातील मोकळी जागा चांगली. दुर्बीणसुद्धा घरातून आणल्याबरोबर वापरू नये. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होण्यासाठी तिला अर्धा तास बाहेर ठेवावे. तेवढ्या वेळात डोळ्यांनाही अंधाराची सवय होते, मात्र मधेच मोबाइलकडे पाहिले की ती मोडते. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधला तर त्याचा फारसा त्रास होत नाही. (भारनियमनाला आपण सर्वांनी मनसोक्त शिव्या दिल्या, पण गावोगावी हायमास्ट दिवे लागल्यापासून निदान आकाश पाहणाऱ्याला तरी त्याची आठवण येते.)

आता आयपीसबद्दल. नाभीय अंतर म्हणजे आरसा किंवा भिंग दुरून आलेला प्रकाश जिथे एकत्र आणते तिथपर्यंतचे अंतर. दुर्बिणीच्या आरशाचे नाभीय अंतर भागिले आयपीसचे नाभीय अंतर म्हणजे विशालन. आपल्या दुर्बिणीवर ३०० मिलिमीटर लिहिलेले असणार. म्हणजे २० मिलिमीटरचा आयपीस १५ पट आणि ४ मिलिमीटरचा ७५ पट मोठे दाखवतो. जास्त पट म्हणजे जास्त चांगले, या समजुतीने नवीन माणूस आधी ४ मिलिमीटरचाच आयपीस लावतो आणि तिथेच नाराज होतो. इतक्या आखूड नळीच्या स्वस्त दुर्बिणीत आरसा बहुधा गोलीय असतो, तो सगळा प्रकाश एका बिंदूत नेमका आणू शकत नाही, आणि सोबत आलेला ४ मिलिमीटरचा आयपीसही सुमार असतो. त्यामुळे प्रत्येक वेळी सुरुवात २० मिलिमीटरनेच करावी. त्यात आकाशाचा एवढा मोठा तुकडा मावतो की चार पूर्णचंद्र शेजारी शेजारी बसतील, आणि म्हणून वस्तू सापडणेही सोपे जाते.

भोक पडलेली चकती हा ग्रह नव्हे आणि दोषही नव्हे. फोकस चुकला की तारा पसरून मोठा दिसतो आणि मधला काळा ठिपका ही नळीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या आरशाची सावली असते. फोकसचा स्क्रू सावकाश फिरवत राहावे. चकती आक्रसत आक्रसत शक्य तितका बारीक ठिपका होईल तिथे थांबावे. तारा हा नीट फोकस झाल्यावर ठिपकाच दिसतो, कोणत्याही दुर्बिणीतून तो त्याहून मोठा दिसण्याची अपेक्षा ठेवू नये. चित्र उलटे दिसणे हाही आरशांच्या रचनेचा परिणाम आहे.

ग्रह निघून जातो, कारण पृथ्वी फिरते आहे. आकाश तासाला १५ अंश सरकते, म्हणजे चंद्र स्वतःच्या रुंदीइतके अंतर सुमारे २ मिनिटांत पार करतो. ७५ पट विशालनात मधोमध आणलेला ग्रह मिनिटभरात कडेला पोहोचतो. यावर उपाय असा की ग्रह ज्या कडेने आत येतो त्या कडेला त्याला आणून ठेवावे, हात काढून घ्यावा, थरथर थांबू द्यावी आणि तो समोरून सरकत जाईपर्यंत शांतपणे पाहावे. बैठकीचा स्क्रू इतपतच आवळावा की बोटाने ढकलल्यावर नळी हलेल, पण आपोआप खाली झुकणार नाही. ध्रुवाकडे तोंड करण्याची काहीच गरज नाही, कारण ही बैठक फक्त वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते. तसेही आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून अवघा १९ अंशांवर असतो, समोर लिंबाचे झाड असले की तो दिसतही नाही.

नेम धरण्याचा सराव दिवसा करावा. किलोमीटरभर दूरचा मोबाइल टॉवर किंवा देवळाचा कळस २० मिलिमीटरमध्ये मधोमध आणावा आणि फाइंडर (नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेले छोटे साधन) असेल तर त्याचा ठिपका तिथेच जुळवावा. फाइंडर नसेल तर नळीच्या पाठीवरून नजर लावून नेम कसा बसतो ते लक्षात घ्यावे. मात्र हे करताना सूर्य पाठीमागे असला पाहिजे. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिल्यास डोळा कायमचा जातो, म्हणून मुलीला दिवसा दुर्बीण एकटीने हाताळू देऊ नये आणि झाकण न लावता ती उन्हात ठेवू नये.

पहिले लक्ष्य चंद्रच असावा, परंतु पौर्णिमेचा नव्हे. तेव्हा ऊन समोरून पडते, सावल्या नसतात आणि सारे सपाट दिसते. शुद्ध पंचमी ते दशमी या काळात उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर नजर ठेवावी, तिथे विवरांच्या कडा उठून दिसतात. आपल्यापासून फार दूर नसलेल्या लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तेवढे विवर चंद्रावर असते तर या दुर्बिणीतून दिसले नसते, कारण तिची मर्यादा ३ किलोमीटरच्या आसपास संपते. उलट कोपर्निकस हे विवर सुमारे ९३ किलोमीटरचे आहे. मुलीने लोणार पाहिले असेल तर ही तुलना तिला जरूर सांगावी.

गुरूचे चार मोठे चंद्र १५ पटीतही दिसतात. शनीची कडी स्पष्ट पाहण्यासाठी ५० पट तरी हवेत. मार्च २०२५ मध्ये ती बरोबर कडेवरून समोर आली होती, त्यानंतरच्या वर्षांत ती हळूहळू उघडत जातात. हिवाळ्यात कृत्तिका आणि मृगातील बाणाखालचा तेजोमेघ २० मिलिमीटरमध्येच पाहावा. लग्नात अरुंधती दाखवतात, ती वसिष्ठासह एकाच चित्रात मावते, आणि ७५ पटीत खुद्द वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघतो. एप्रिल-मे महिन्यांत रात्री दक्षिणेकडे नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ धूसर गोळ्यासारखा सापडतो. युरोपच्या बहुतेक भागातून तो उगवतच नाही, त्यामुळे तिकडच्या मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख नसला तरी आपण तो सोडू नये.

आरशावर धूळ दिसली तरी तो पुसू नये. थोड्या धुळीने चित्रात फरक पडत नाही, ओरखड्याने मात्र पडतो. पावसाळ्यात दुर्बीण झाकण लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या कपाटात ठेवावी, नाहीतर आरशावर बुरशी धरते. आणि एवढे केल्यावरही ४ मिलिमीटरचा आयपीस समाधान देत नसेल, तर दुर्बीण बदलण्याऐवजी ६ मिलिमीटरचा एक बरा आयपीस घ्यावा. त्याची नळी सव्वा इंची असल्याची खात्री करावी, म्हणजे पुढे मोठी दुर्बीण घेतली तरी तो तिला बसेल.