कुंभारीण माशीची कंबर इतकी बारीक का असते? तुटत नाही का?

सहसा तुटत नाही. दिसते दोऱ्यासारखी, पण बाहेरून कडक कवचाची नळी असते. गंमत म्हणजे ती छाती आणि पोट यांच्या सांध्यावर नसतेच. पोटाचा पहिला खंड छातीला चिकटून गेलेला असतो आणि त्याच्या मागचा खंड आवळून हा देठ झालेला असतो.

फायदा सरळ आहे: पोट हवं तसं वळवता येतं. कोळी किंवा अळी पकडली की नेमक्या जागी नांगी मारायची, तर पोट पार पुढे आणावं लागतं. जाड कंबरेने ते कसं जमणार? मुंग्यांनाही अशीच कंबर असते. आंब्यावरची ओंबील (पानं शिवून घरटं करणारी तांबडी मुंगी) डिवचून बघा (लांबूनच!), पोट थेट डोक्यावर उभारते.

आता तोटा. अन्ननलिका, मज्जारज्जू, रक्तवाहिनी, सगळं त्या चिंचोळ्या वाटेने जातं. त्यामुळे प्रौढ माशीला घट्ट अन्न गिळता येत नाही, ती फुलांतल्या मकरंदावर आणि रसावर जगते. पकडलेला कोळी स्वतःसाठी नसतोच, तो मातीच्या घरट्यातल्या तिच्या पिल्लासाठी, म्हणजे माशीच्याच अळीसाठी. या अळीला कंबर नसते, ती खुशाल खाते.

घरी भिंग असेल तर मुंगी बघा. मुंगळ्याच्या कंबरेवर एकच उंचवटा दिसेल, चावऱ्या बारीक लाल मुंगीच्या कंबरेवर दोन.

पानाचा देठ दिसायला तसाच, काम मात्र वेगळं: पाणी वर, साखर खाली, आणि पान उन्हाकडे वळवणं. पिंपळपान एवढं सळसळतं तेही लांब, बारीक देठामुळेच.