रिपोर्टात 'एमजीएमटी मिथिलेटेड' आलंय, म्हणजे काय?

प्रश्न : वडिलांना अन्ननलिकेचा स्क्वॅमस पेशींचा कर्करोग आहे. गाठीच्या तपासणीत 'एमजीएमटी प्रमोटर मिथिलेटेड' आलं. हा दोष आम्हा मुलांत उतरेल का? औषध त्यावर ठरेल का?

उत्तर : काळजी करू नका, हा बदल सहसा गाठीतल्या पेशींपुरताच असतो. एमजीएमटी हे डीएनए दुरुस्त करणारं जनुक. त्याची अक्षरं तीच राहतात. सुरुवातीच्या भागातल्या (प्रमोटर) सायटोसिन या डीएनएच्या अक्षरावर मिथाइल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, चिकटतात आणि जनुक बंद पडतं. ग्वानिन या दुसऱ्या अक्षरावर बसलेला अल्किल गट (तसाच नको असलेला रासायनिक तुकडा) काढणं हे एमजीएमटीचं काम. ते थांबलं की डीएनएत चुका साचतात.

मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगात ही खूण टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध कितपत लागू पडेल ते सांगते. अन्ननलिकेत मात्र तिच्यावरून उपचार ठरवत नाहीत. डॉक्टरांना त्याऐवजी हे विचारा : एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ या डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची आयएचसी (गाठीत ती आहेत का हे रंगवून बघणारी तपासणी) झाली का? यातलं एखादं नाहीसं असेल, तर इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचाराचा) विचार होतो.

चाचणीही चुकू शकते. मिथिलेशनच्या चाचणीत बायसल्फाइट या रसायनाने साध्या सायटोसिनचं युरासिल हे वेगळं अक्षर होतं, मिथिलेटेड तसंच राहतं. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणारी पद्धत) हाच फरक वाचतो. रूपांतर अर्धवट झालं, तर साधं सायटोसिनही मिथिलेटेड भासतं. तुकड्यात गाठीच्या पेशी कमी असतील, तर उलट खरं मिथिलेशन दिसत नाही. शिवाय फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवण्याच्या द्रवात) दोन-तीन दिवसांहून जास्त राहिलेल्या तुकड्यातला डीएनए तुटलेला असतो, आणि बायसल्फाइट तो आणखी तोडतं. म्हणून रिपोर्टात गाठीच्या पेशींची टक्केवारी आणि नियंत्रण नमुन्यांचा (ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं अशा नमुन्यांचा) निकाल आहे का, ते आधी बघा.