सही भाड्यानं देऊ नकोस

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पॅथॉलॉजीत एम.डी. होऊन चार महिने झालेत, स्वतःची लॅब टाकायला भांडवल नाही, आणि सहा लॅबच्या रिपोर्टवर सही देशील का, असं एकानं विचारलंय. जायचं नाही, बघायचं नाही, सही स्कॅन करून द्यायची, महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम खात्यात. घरी कर्जाचा हप्ता आहे हेही लिहिलंस. हप्त्याची धास्ती मला कळते. तरीही सांगते, नाही म्हण.

डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. म्हणून तर तुझ्या सहीला गिऱ्हाईक आहे. तुझ्या डोळ्यांना मात्र त्या सहाही ठिकाणी कोणी विचारलेलं नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरी सांभाळून संध्याकाळी एका लॅबमध्ये जायचे. जमत नसे त्या दिवसासाठी सह्या केलेली कोरी लेटरहेडं ठेवून यायचे. डेंग्यूचे दिवस होते. एका संध्याकाळी पंचविशीतल्या मुलाच्या प्लेटलेट १८,००० असा रिपोर्ट माझ्या सहीनं गेला. घरच्यांनी रातोरात गाडी करून त्याला शहरात हलवलं. दुसऱ्या दिवशी मी त्याची स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली. मधल्या भागात प्लेटलेट दिसेनात, म्हणून स्मिअरच्या, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थराच्या, शेपटीकडे सरकले. तिथे जांभळट, कणीदार पुंजकेच्या पुंजके. एकेकात वीस-पंचवीस प्लेटलेट. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आणि यंत्र ते पुंजके प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. सायट्रेट या दुसऱ्या रसायनाच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्यायचं आणि त्यातल्या द्रवानं रक्त थोडं पातळ होतं म्हणून येईल त्या आकड्याला १.१ नं गुणायचं, एवढंच करायचं होतं. शहरातल्या डॉक्टरांनी तेच केलं. आकडा आला एक लाख ब्याण्णव हजार. मुलगा सुखरूप परतला, पण त्या रात्रीच्या खर्चासाठी आईनं बांगड्या गहाण टाकल्या होत्या, हे मला नंतर कळलं. उरलेली लेटरहेडं मी फाडली. त्या बांगड्या अजून विसरलेले नाही.

मग करायचं काय, हा तुझा खरा प्रश्न. एकच लॅब धर, जिथे तुला रोज बसता येईल. पैसे कमी मिळतील, पहिली दोन वर्षं ओढाताण होईल. सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, लावून घे आणि त्याचे रोजचे आकडे मांडणारा लेव्ही-जेनिंग्ज चार्ट स्वतः बघ. सलग दहा बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर ते दोन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या), म्हणजे चालणाऱ्या मर्यादेच्या, आत असले तरी काहीतरी सरकतंय, हे ओळख. रिएजंट (तपासणीचं रसायन) असेल, कॅलिब्रेशन असेल, यंत्राचा दिवा असेल. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाच्या ईक्यूएएसमध्ये, म्हणजे एकच नमुना अनेक लॅबना पाठवून उत्तरं ताडून बघणाऱ्या योजनेत, लॅबचं नाव घाल. आपलं उत्तर इतरांच्या तुलनेत कुठे बसतं ते कळलं, की मनातला ताठा आपोआप उतरतो. एनएबीएलचं, म्हणजे लॅबच्या मान्यतेचं, त्यानंतर बघू.

आणि आठवड्यातून एकदा तरी रक्त घेणाऱ्या मुलांजवळ जाऊन बस. निम्म्याहून जास्त घोटाळे यंत्रापर्यंत सॅम्पल पोहोचायच्या आधीच झालेले असतात. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं जातं. साध्या ट्यूबमध्ये कमी पडलं म्हणून जांभळ्या ट्यूबमधलं ओतलं जातं, आणि मग पोटॅशियम भलतंच चढतं, कॅल्शियम भलतंच उतरतं. असे दोन आकडे जोडीनं दिसले की रिपोर्ट थांबव आणि फोन उचल. त्या पोरांवर ओरडू मात्र नकोस. ओरडणाऱ्या डॉक्टरला कोणी चूक सांगायला येत नाही.

पुढे एआयमुळे आपलं काम राहील का, असंही विचारलंस. स्लाइड स्कॅन होतील, पेशी मोजल्या जातील, ते शिकून घे, मागे राहू नकोस. पण न जुळणाऱ्या गोष्टीपाशी थांबायची सवय तुझी तुलाच लावावी लागेल. १९५२ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांपुढे असं रक्त आलं की तपासणीत ते ओ गटासारखं दिसे, पण त्याचं सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेला द्रव, ओ गटाच्या पेशींनाही एकमेकींना चिकटवून टाकी; खऱ्या ओ गटाचं सीरम असं करत नाही. रिएजंट खराब असेल म्हणून ते बाजूला सारणं सोपं होतं. ते थांबले, म्हणून बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मिळ रक्तगट सापडला. रक्तपेढीत काम केलंस तर रिव्हर्स ग्रुपिंग, म्हणजे सीरम माहीत असलेल्या गटांच्या पेशींशी ताडून बघणं, कितीही घाई असली तरी टाळू नकोस, आणि त्यात ओ पेशींची ट्यूब लावायला विसरू नकोस.

पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना कट (कमिशन) देण्याबद्दल विचारलंस. देऊ नकोस. ते पैसे शेवटी रिएजंटमधून किंवा पेशंटच्या खिशातून निघतात.

त्या माणसाला नकार कळव आणि रविवारी घरी ये. त्या मुलाची स्लाइड मी जपून ठेवली आहे. रंग जरा फिका पडलाय, पण शेपटीकडचे पुंजके अजून स्वच्छ दिसतात. मायक्रोस्कोप लावून ठेवते.

तुझी,
मॅडम