आधी शेत पायांनी मोज

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पेन्सिल्व्हेनियातल्या तुझ्या शेताचा हाताने काढलेला नकाशा, दोन्ही मिळालं. सोयाबीनच्या कडेच्या चार ओळी कातरीने कापल्यासारख्या गेल्या आणि कोठाराच्या पायाशी ताज्या मातीचा ढीग वर आला, एवढं वाचूनच मी ओळखलं. तो ग्राउंडहॉग, खारीच्या कुळातला पण मांजराएवढा, बिळात राहून पीक खाणारा प्राणी. इथला ससा बीळ खणत नाही. त्या ढिगापासून दहा-पंधरा पावलांच्या टप्प्यात गवतात नीट शोध, माती न सांडलेलं दुसरं भोक सापडेल. ते त्याचं पळायचं दार. तिथे एक काठी रोवून लाल फडकं बांध. ट्रॅक्टरचं पुढचं चाक अशाच एका भोकात गेलं तेव्हा मी उलटता उलटता वाचलो आहे.

पाचशे डॉलरांत कोणती रायफल घेऊ, असं विचारलंस. नाव सांगतोच, पण त्याआधी तुला एक काम करायचंय. प्रत्येक बिळाजवळ उभी राहा आणि जिथून गोळी झाडशील त्या जागेपर्यंत पावलं मोज. मग बिळापाशी परत जाऊन मागे बघ. मागे काय आहे? चढ, टेकाड, की उघडं आभाळ आणि त्याच्या खाली रस्ता? नकाशावर हे प्रत्येक बिळाशेजारी लिहून काढ. रायफल त्या कागदावरून ठरते. मी स्वतः हे उलट केलं होतं. दुकानात जे हातात छान बसलं ते घेऊन आलो.

ती होती ‘.२२ लाँग रायफल’ नावाच्या काडतुसाची (.२२ म्हणजे गोळीची जाडी, इंचात). वाईट नाही. काडतुसं सगळ्यांत स्वस्त, आवाज कमी, धक्का जवळजवळ नाहीच. पण ५० यार्डांवर (यार्ड म्हणजे तीन फूट) नेम बसवला तर १०० यार्डांवर गोळी सहा-सात इंच खाली जाते. ग्राउंडहॉगचं डोकं तीन इंचांचं. पहिल्याच उन्हाळ्यात मी नव्वद यार्डांवरून चाप ओढला. गोळी लागली, पण पोटात, आणि तो घसटत बिळात गेला. संध्याकाळपर्यंत फावड्याने खणत होतो. ती बिळं पाच फूट खोल जातात, लांबी कधी तीस-चाळीस फूट. तो सापडला नाही. पीक वाचवायला आपण एखादा जीव घेतो तेव्हा तो क्षणात जायला हवा, एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो. त्या दिवसापासून .२२ ने साठ यार्डांपलीकडे मी नेम धरलेला नाही.

दुसरी गोष्ट त्याच रायफलची. शिशाची ती गोळी हळू जाते, मोडत नाही, आणि दगडाला किंवा ओल्या कडक जमिनीला घासून पुढे उडते. कुंपणाजवळच्या दगडावरून माझी एक गोळी किणकिणत निघून गेली, तो आवाज अजून कानात आहे. ती कुठे पडली मला कळलं नाही. अशी गोळी मैलभराहूनही लांब जाऊ शकते.

तुझ्या नकाशावरच्या अंदाजाने जवळचं बीळ चाळीस यार्ड, लांबचं एकशेतीस, आणि उत्तरेला शेजाऱ्यांचं घर. अशा जागेला माझं मत .१७ एचएमआर. २००२ मध्ये आलेलं हे काडतूस. १७ ग्रेनची, म्हणजे जेमतेम एक ग्रॅमची इवलीशी गोळी सेकंदाला २५०० फुटांहून जास्त वेगाने सुटते. १०० वर नेम बसवलास तर १५० वर दोन-अडीच इंचच खाली येते. आणि जमिनीला लागताच बहुधा फुटून जाते, उडून पुढे जाण्याचा धोका .२२ पेक्षा पुष्कळ कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे, मागे मातीचा चढ हवाच. हिचं वैरी वारं. दहा मैल वेगाच्या आडव्या वाऱ्यात १०० यार्डांवर गोळी तीन-चार इंच सरकते. गवताची पाती झुकलेली दिसली की त्या दिवशी जवळचंच बीळ बघ. काडतुसं .२२ च्या दुपटी-तिपटीने महाग पडतात, पण तुला वर्षाला लागणार किती?

.२२३ हे त्याहून बऱ्याच ताकदीचं काडतूस, त्याची रायफल घेऊ नकोस. दोनशे-अडीचशे यार्डांचं मोकळं गवताचं रान असतं तर मी तीच सांगितली असती. तुझ्या बारा एकरांत तो आवाज आणि ती ताकद दोन्ही जादा आहेत.

बोल्टची रायफल घे, म्हणजे दर गोळीला हाताने खटका मागेपुढे ओढावा लागतो ती. सॅव्हेज ९३आर१७ किंवा रुगर अमेरिकन रिमफायर, दोन्ही तुझ्या पैशांत बसतात. मला सॅव्हेजचा चाप आवडतो, हलका करून घेता येतो. साधा काळा प्लास्टिकचा दस्ता चालेल, लाकडाचे पैसे स्कोपला लाव. ३-९ चा, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, स्वच्छ काचेचा स्कोप (नेमाची दुर्बीण) पहाटेच्या अंधुक उजेडात कामाला येतो आणि ग्राउंडहॉग चरायला निघतो तो बहुधा सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी. जुनी मिळाली तर आणखी बरं, फक्त नळीत उजेड धरून आतून गंज बघून घे. कानाला संरक्षण आणि कुलपाची पेटी यांचे पैसे पहिल्यांदा बाजूला काढ.

आमच्या सिंधुदुर्गात वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, वानरांसाठी आणि डुकरांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि पावती देवाच्या फोटोमागे जायची. इथे पेन्सिल्व्हेनियात फॉर्म भरला, तपासणी झाली की बहुधा त्याच दिवशी रायफल घरी येते. म्हणून हे नीट वाच. तुझं ग्रीन कार्ड आलंय, तुला घेता येते. तुझा भाऊ विद्यार्थी व्हिसावर आहे. काही मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर रायफल बाळगणंही संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. तो सुट्टीत आला आणि ‘एकदा मारून बघू दे’ म्हणाला, तर नाही म्हण. वाईट वाटलं तरी चालेल, त्याचं शिक्षण पणाला लागतं. आणि त्या फॉर्मवर दुसऱ्या कुणासाठी म्हणून कधी सही करू नकोस.

गेम कमिशनचा (राज्याच्या वन्यजीव खात्याचा) शिकारी-शिक्षणाचा वर्ग आधी कर, शिकारीच्या पहिल्या परवान्याला तो लागतोच. शेजाऱ्यांच्या घरापासून १५० यार्डांच्या आत त्यांच्या परवानगीशिवाय शिकार चालत नाही. परवानगी मागायला जाशील तेव्हा सोबत घरचं काहीतरी घेऊन जा आणि कुठून कुठे गोळी जाणार ते नकाशावर दाखव. ग्राउंडहॉगच्या शिकारीला डोक्यावर झगझगीत (फ्लुरोसंट) नारिंगी टोपी लागते, ती विसरू नकोस.

वेळ निवड मार्चची. थंडीची झोप संपवून ते बाहेर येतात, गवत अजून बुटकं असतं, आणि पिल्लं झालेली नसतात. मे-जूनमध्ये आई मारली तर बिळात पिल्लं उपाशी मरतात. मेलेल्याला उघड्या हाताने उचलू नकोस, यांना रेबीज होतो. हातमोजे घाल आणि खोल पूर, नाहीतर शिशाचे तुकडे घारी-गरुडांच्या पोटात जातात.

भाजीच्या वाफ्याला मात्र रायफल नकोच. तीन फूट उंच जाळी, खालची फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरलेली, वरची फूटभर सैल सोडलेली. चढायला गेला की ती त्याच्याच अंगावर झुकते. रिकामं बीळ नवा ग्राउंडहॉग लगेच बळकावतो, त्यामुळे मारण्याचं काम दरवर्षीचं, जाळीचं एकदाचं.

मोजमापं लिहून झाली की कळव. रायफल आल्यावर एक रविवार ठेव, मी पुठ्ठे आणि वाळूच्या पिशव्या घेऊन येतो. पहिली पन्नास काडतुसं आपण पुठ्ठ्यावरच खर्च करू, पंचवीस यार्डांपासून सुरुवात करून. काकू तुझ्यासाठी सोलकढीची आमसुलं पाठवते आहे.

तुझा,
काका