दोन वर्षं तालमीत कुस्ती केलीय, आता एमएमए (ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणारी मिश्र लढत) शिकायचंय. आधी बॉक्सिंग करू की जिउ-जित्सू (जमिनीवर गळा किंवा सांधा आवळून हरवायचा प्रकार)? कुस्ती वाया जाईल का?

वाया? हे तुला कुठल्यातरी जिमवाल्यानेच सांगितलं असणार. पोरगं तालमीतून आलंय म्हटलं की पहिला डोस हाच.

मी कोल्हापूरच्या तालमीत वाढलो. नोकरीला पुण्यात आलो आणि एका एमएमए जिममध्ये नाव घातलं. कोचने पहिल्याच आठवड्यात एका आयटीतल्या बारक्या पोरासोबत सोडलं. जिउ-जित्सूचा निळा पट्टा, म्हणजे अगदी नवखा नाही, चष्मा काढून खिडकीत ठेवलेला. मी सवयीने वाकून दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय धरले, उचलून आपटला त्याला. मैदानात असतो तर हलगी कडाडली असती. इथे माझी मान त्याच्या काखेत राहिली होती. त्याने खालूनच मनगट गळ्याखाली घातलं, पाय कमरेला आवळले, आणि मला हार मानल्याची थाप मारावी लागली. पुढच्या डावाला तो पाठीवर आला. मी पोटावर सपाट, कोपरं आत, चीत होऊ नये म्हणून. त्याला चीत करायचंच नव्हतं! हनुवटीखालून हात घातला, खेळ खलास. कोच सगळ्यांदेखत हसत म्हणाला, "मातीतलं सगळं विसरा आता."

साफ चूक. हे मी त्याला आजही तोंडावर सांगतो. त्यावर तो भरत खंडारेचा दाखला देतो: कुस्तीतून आलेला, २०१७ ला शांघायमध्ये यूएफसीत (एमएमएची सगळ्यात मोठी स्पर्धा) उतरलेला पहिला भारतीय, आणि पहिल्याच फेरीत गिलोटिनवर, म्हणजे मान काखेत धरून गळा आवळायच्या त्याच डावावर, हरला. बरं मग? त्यात मान चुकीच्या जागी गेली, कुस्तीने काय केलं? यूएफसीचा माजी विजेता खबीब २९ लढती खेळला, एकही हरला नाही, तो काय बॉक्सिंगच्या जिवावर? रशियातल्या दागेस्तानची कुस्तीच ती.

विसरायचं काही नाही, दोन सवयी मोडायच्या. एकेरी पट (एकच पाय धरून) काढताना डोकं आतल्या बाजूला, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला, नजर वर. आणि खाली गेलास तर पोटावर पडून राहू नको. त्याच्याकडे तोंड फिरव, नाहीतर भिंतीला पाठ लावून उठ.

म्हणून जिउ-जित्सू आधी. बॉक्सिंग सोबत चालू दे, पण पैलवान पुढच्या पायावर भार देऊन वाकून उभा राहतो, त्या मांडीवर लाथा बसतात. ते मुआय थाय, म्हणजे थायलंडचं लाथा-ठोशांचं बॉक्सिंग, शिकवणाऱ्याकडून लवकर सुधारून घे.

आता त्याच जिममध्ये पोरांना पट शिकवायला मलाच उभं करतात. मानधनाचं काढलं की कोचसाहेबांना फोन येतो.

हां, एक राहिलं. कुस्तीत डोक्याला असा मार बसत नाही. रोज जोरात स्पारिंग (सरावाची लढत) करू नको, आणि ठोसा लागून गरगरलं की त्या दिवशी बंद, उलटी झाली तर थेट डॉक्टर. मी सांगतोय ते मातीतून आलेल्याला लागू. ज्याने काहीच केलं नाही त्याचं गणित वेगळं.

फी भरायच्या आधी कोचला म्हण, पट लागल्यावर गिलोटिन सोडवून दाखवा. दाखवलं तर भर. 'आधी कुस्ती विसर' म्हणाला तर भावा, दुसरी जिम बघ.