आधी वॉट-तास मोज, मग पॅनेल घे

अरे, लाइट गेल्यावर घरात वापरायला पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, आणि ती भरायला सोलर पॅनेल घ्यायचं म्हणतोयस ना? पॅनेलचं नंतर बघू. आधी काय काय चालवायचंय ते वहीत लिही. १००० वॉट-तासांच्या (वॉट गुणिले तास) पॉवर स्टेशनमधून हाती साधारण ८५० लागतात, बाकी बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करून देणारा आतला इन्व्हर्टर खातो. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणारा) ३०, राउटर १०, बल्ब १०, म्हणजे ५० वॉटवर १७ तास. गिझर-इस्त्रीचं नाव काढू नकोस.

२०० वॉटचं पॅनेल कडक उन्हातही १५०च्या आसपासच देतं, आणि आपल्या कोकणात वीज जाते ती नेमकी जूनच्या ढगांत! २०२०च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. म्हणून पावसाळ्यात स्टेशन लाइट असतानाच भरून ठेव.

आणि स्टेशनची वायर भिंतीतल्या सॉकेटात उलटी खुपसून घरभर वीज खेळवायचा उद्योग अजिबात नको. ती वीज उलटी बाहेरच्या लाइनीत जाते, आणि तिथे खांबावर वायरमन चढलेला असतो.